शेख अहमद अजून मेलेले नाहीत

मदिन्याच्या मस्जिदे नबवीचे खादिम शेख अहमद यांना ओळखत नाही असा मुसलमान निदान मुंबईत तरी मला भेटलेला नाही. माझ्या लहानपणी हे गृहस्थ कोकणातून आलेल्या पोस्टकार्डावरून आमच्या घरी यायचे. पुढे झेरॉक्सची दुकाने निघाली, तेव्हा ते जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायरीवर हातात पडू लागले. आता ते मोबाइलवर येतात. मजकूर मात्र तोच. शेखसाहेबांना रात्री डोळा लागला, स्वप्नात हुजूर (स.) आले आणि म्हणाले की, गेल्या आठवड्यात इतके हजार मुसलमान मेले, त्यांतला एकही इमानावर मेला नाही. कयामत जवळ आली, तौबेचा दरवाजा बंद व्हायच्या बेतात आहे. हे झाल्यावर खरा मुद्दा येतो. या पत्राच्या अमुक इतक्या प्रती काढून वाटा. वाटणाऱ्याची भरभराट होईल, खोटे मानणाऱ्याचा मुलगा मरेल.

या शेख अहमदांचे वय किती असावे? स्नूक हुर्ग्रोन्ये नावाच्या डच अभ्यासकाने 1880 च्या दशकात या पत्रावर लेख लिहिला होता, कारण आज ज्याला आपण इंडोनेशिया म्हणतो तिथे ते तेव्हा हातोहात फिरत होते. 1904 साली कैरोच्या 'अल-मनार' मासिकात रशीद रिझा यांनी त्याची चिरफाड केली आणि असली पत्रे आपण लहानपणापासून बघत आलो आहोत असेही नमूद केले. सौदी अरबस्तानचे मुफ्ती बिन बाझ यांनी ते सपशेल खोटे असल्याचे स्वतंत्रपणे लिहून जाहीर केले. म्हणजे दीडशे वर्षांच्या आसपास हा माणूस एकाच नोकरीवर आहे, एकच स्वप्न बघतो आहे, आणि सांगितलेली कयामत दर वेळी पुढे ढकलतो आहे. तरी आपण प्रती काढतोच आहोत.

त्याच्या काही आवृत्त्यांत एक मुंबईकरही आहे. त्याने म्हणे तीस प्रती वाटल्या आणि त्याला पंचवीस हजार रुपये मिळाले. कुणाकडून, कशाबद्दल, याचा खुलासा नाही. मी नववीच्या वर्गात हे पत्र फळ्यावर लिहून मुलांना त्यातले दोष काढायला सांगते. बी.एड.च्या पाठ-टाचणात बसणारा हा प्रकार नव्हे, पण मुले रंगतात. एका मुलाने विचारले होते, टीचर, इमानावर मेला की नाही हे फक्त अल्लाहला माहीत असते ना, मग आकडा कोणी मोजला? या एका प्रश्नापुढे अख्खे पत्र कोसळते.

हा रोग आपल्यालाच आहे असे मात्र नाही. शेजारच्या घरी संतोषी मातेची पत्रे येत, तीही अशीच, प्रती काढा नाहीतर नुकसान. ऑर्लेमच्या ख्रिस्ती मैत्रिणी सांगतात की त्यांच्याकडे संतांच्या नावाने असल्याच चिठ्ठ्या फिरतात. देव वेगळा, धमकी तीच.

इथपर्यंत हसून सोडून देता येईल. एक रुपयाच्या झेरॉक्सने कोणाचे घर बुडत नाही. पण शेख अहमदांनी आपल्याला एक सवय लावून ठेवली आहे. दुसऱ्याला पडलेले स्वप्न हा आपल्यासाठी हुकूम असतो, आणि तो तपासणे म्हणजे बेअदबी, अशी ती सवय. या सवयीवर आज मालवणीपासून मुंब्र्यापर्यंत धंदा चालतो. मला लिहायचे आहे ते त्याबद्दल.

मी मालाडला राहते आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. दर वर्षी दहावीचा निकाल लागला की काही मुलींच्या आया मला भेटायला येतात. अशीच एक आई आली. मुलगी हुशार, गणितात वर्गात पहिली, तिला सायन्सला जायचे होते. आई म्हणाली, "टीचर, आम्ही इस्तिखारा काढून घेतला. नाही आला." कोणी काढला? गल्लीतल्या एका आमिलसाहेबांनी. त्यांनी अकराशे रुपये घेतले, मुलीचे नाव आणि तिच्या आईचे नाव लिहून घेतले, आणि तीन दिवसांनी सांगितले की, ख्वाबात मुलगी काळ्या पाण्यापाशी उभी दिसली. कॉलेजात पाठवू नका, बदनामी आहे. वर, दोष उतरवायला तावीज घ्या, त्याचे वेगळे. मी त्या बाईंना विचारले की, मुलीने स्वतः इस्तिखाऱ्याची नमाज पढली का? त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "ती कशी पढणार? ती तर लहान आहे." ती मुलगी पुढे कॉलेजात गेली नाही. वर्षभराने तिचा निकाह झाला. आमिलसाहेब तिथेच आहेत, दुकानाला आता काचेचा दरवाजा बसला आहे.

इस्तिखारा म्हणजे काय, हे एकदा नीट सांगायला हवे, कारण नाव पवित्र असले की माल तपासायचा नाही अशी आपली रीत झाली आहे. हजरत जाबिर यांची रिवायत बुखारीत आहे. हुजूर (स.) हा दुआ सहाबांना कुरआनातली सूरा शिकवावी तशा काळजीने शिकवत. ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याने स्वतः दोन रकात नफिल पढायच्या आणि अल्लाहकडे मागायचे की, या कामात माझ्यासाठी खैर असेल तर ते सोपे कर, नसेल तर माझ्यापासून दूर कर आणि जिथे खैर असेल तिथे मला वळव. बस, इतकेच. त्यात झोप नाही, स्वप्न नाही, हिरवा-पांढरा रंग शुभ आणि काळा-लाल अशुभ असा तक्ता नाही. मध्ये दलाल नाही आणि नजराणा तर नाहीच. विचार करा, सल्ला घ्या, दुआ मागा आणि पाऊल उचला, अशी ती रीत आहे. माणसाला निर्णय घ्यायचे बळ देणारी ही गोष्ट आपण निर्णय काढून घेणारे यंत्र करून ठेवली. केबलवर पाकिस्तानी वाहिन्यांचे इस्तिखाऱ्याचे कार्यक्रम आले तेव्हा तर कहर झाला. फोनवर नाव सांगा, पलीकडचे हजरत काही क्षणांत जाहीर करणार की रिश्ता करा अथवा करू नका. झोपायचीही गरज उरली नाही.

आता यावर जे उत्तर मला नेहमी मिळते ते घेते. आमचे एक वडीलधारे सहकारी फार तळमळीने म्हणतात, "बेटी, तू ख्वाबांनाच नाकारतेस. हजरत इब्राहिमना ख्वाब पडले, हजरत यूसुफना पडले. सच्चे ख्वाब नबुव्वतचा छेचाळीसावा हिस्सा आहे. आणि हुजूरांनी सांगितले आहे की ज्याने मला ख्वाबात पाहिले त्याने मलाच पाहिले." हे सगळे मला मान्य आहे. मी स्वप्ने नाकारत नाही. मला माझ्या मरहूम दादी स्वप्नात दिसतात आणि दिवसभर बरे वाटते. पण त्याच हदीसांत स्वप्नांचे तीन प्रकारही सांगितले आहेत. एक अल्लाहकडची खुशखबर, दुसरे शैतानाचे भेडसावणे आणि तिसरे मनाचे स्वतःशी बोलणे. तिसऱ्या प्रकाराची आठवण आमिलांच्या दुकानात कोणी करून देत नाही. आणि जो न पडलेले स्वप्न पडले म्हणून सांगेल त्याला कयामतच्या दिवशी जवाच्या दोन दाण्यांना गाठ मारायला लावले जाईल, आणि ती त्याला कधीच जमणार नाही, ही हदीसही बुखारीतलीच आहे. ती दुकानाच्या भिंतीवर का लावलेली नसते?

यूसुफ अलैहिस्सलामांचेच बघा. त्यांचे नाव घेऊन धंदा करणाऱ्यांनी ती सूरा शेवटपर्यंत वाचावी. मिसरच्या बादशहाला सात लठ्ठ गाई आणि सात रोड गाई दिसल्या. यूसुफ तेव्हा कैदेत होते, तेही निरपराध. त्यांनी ताबीर सांगण्याआधी सुटकेची अट घातली नाही, फी मागितली नाही. आणि ताबीर तरी काय होती? सात वर्षे नेटाने शेती करा, धान्य कणसातच ठेवून साठवा, खाण्यापुरतेच काढा, पुढची सात वर्षे दुष्काळाची आहेत. म्हणजे स्वप्नाचा शेवट गोदामात आणि हिशेबाच्या वहीत झाला. लोकांची पोटे भरली. आपल्या आमिलांच्या स्वप्नाचा शेवट मात्र नेहमी आमिलांच्या खिशात होतो.

बी.एड.ला माझ्याबरोबर वसईची एक ख्रिस्ती मैत्रीण होती. तिच्याकडून मी मराठी बायबल वाचायला आणले. आपण तौरात, जबूर, इंजीलवर इमान आणतो, पण उघडून बघत नाही. त्या ग्रंथात बदल झाले असा आपला अकीदा आहे, तो मला ठाऊक आहे. तरी त्यात यिर्मया नावाचा जो संदेष्टा आहे, ज्यांना आपल्या परंपरेत अर्मिया म्हणतात, त्याचा तेविसावा अध्याय मी वाचला आणि मला वाटले की हा माणूस आमच्या गल्लीत राहून गेला आहे. त्याच्या काळी जेरुसलेमवर बाबेलचे संकट आले होते. आणि शहरात स्वप्ने पडणाऱ्यांची गर्दी. जो उठतो तो म्हणतो मला स्वप्न पडले, मला स्वप्न पडले. यिर्मया म्हणतो, ज्याला स्वप्न पडले त्याने ते स्वप्न म्हणूनच सांगावे. देवाचा शब्द आणि स्वप्न यांत गहू आणि भुसा यांच्याइतके अंतर आहे, त्यांची भेसळ करू नये. आणखी म्हणतो की हे लोक एकमेकांचे शब्द चोरून देवाच्या नावावर खपवतात. शेख अहमदांचे पत्र दीडशे वर्षे दुसरे काय करते आहे?

त्याच्याशी भांडलेला हनन्या म्हणून एक होता. तो भर मंदिरात सांगत होता की दोन वर्षांत सगळे ठीक होईल, बाबेलचे जू मोडेल. लोकांना अर्थातच हनन्या आवडला. यिर्मयाने मात्र बाबेलात पकडून नेलेल्या लोकांना पत्र लिहिले की घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, त्या शहराचे भले व्हावे म्हणून झटा. आणि तुम्ही मागणी करून जी स्वप्ने पाडून घेता त्यांच्या नादी लागू नका. मागणी करून पाडून घेतलेली स्वप्ने! अकराशे रुपयांच्या इस्तिखाऱ्याचे याहून नेमके वर्णन मी कुठे वाचलेले नाही.

मुसाच्या पाचव्या ग्रंथात, ज्याला मराठीत अनुवाद म्हणतात, तेराव्या अध्यायात तर आणखी कडक कसोटी आहे. एखादा संदेष्टा किंवा स्वप्न पाहणारा उठला, त्याने सांगितलेली खूण खरीही ठरली, तरीसुद्धा तो जर एका ईश्वराला सोडून दुसऱ्याच्या मागे चला म्हणत असेल तर त्याचे ऐकायचे नाही, ती तुमची परीक्षा आहे. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. कारण आपल्या बायका, आणि पुरुषही, शेवटी हेच सांगतात की टीचर, बाबांनी सांगितलेले खरे निघाले. निघाले असेल. दहा जणांना दहा गोष्टी सांगितल्या की दोन खऱ्या निघतातच. उरलेले आठ जण दुकानात परत येऊन बोंब मारत नाहीत, लाजेने गप्प बसतात. पण समजा खरेच निघाले, तरी त्याने काय सिद्ध होते?

हाच निवाडा आपल्याकडे तेराव्या शतकातले मोठे आलिम इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम यांच्या नावावर सांगितला जातो. एका माणसाला स्वप्नात हुजूर (स.) दिसले, म्हणाले, अमक्या जागी खण, गाडलेले धन मिळेल, ते घे आणि त्यावर तुला खुम्स, म्हणजे पाचवा हिस्सा, द्यावा लागणार नाही. त्याने खणले तर धन निघाले. तेव्हाच्या काही उलेमांनी म्हटले, स्वप्न खरे ठरले आहे, तेव्हा खुम्स माफ. इज्जुद्दीन म्हणाले, खुम्स द्यावाच लागेल. गाडलेल्या धनावर खुम्स आहे ही हदीस भरवशाच्या माणसांनी जागेपणी ऐकून पुढे सांगितली आहे. तुझे स्वप्न फार तर एका माणसाची रिवायत, तीही झोपेतली. म्हणजे धन निघाले तरी कायदा बदलला नाही. दीन पूर्ण झाला हे सूरा माइदात सांगून झाले आहे. त्यात कोणाच्या झोपेतून भर पडणार नाही.

गुप्तधनाचा विषय निघालाच आहे तर म्हैसाळला जाऊ. मिरज तालुक्यातले म्हैसाळ. 20 जून 2022 रोजी तिथे दोन भावांच्या घरांत मिळून नऊ माणसांचे मृतदेह सापडले. एक भाऊ शिक्षक, दुसरा जनावरांचा डॉक्टर. आधी वाटले, सावकारांच्या जाचाने सगळ्यांनी आत्महत्या केली. पुढे पोलिसांनी सांगितले की गुप्तधन काढून देतो म्हणून एका मांत्रिकाने त्यांच्याकडून मोठी रक्कम उकळली होती, आणि ती परत मागितली जाऊ लागली तेव्हा त्याने त्यांना विष दिले. अटक झालेला तो मांत्रिक सोलापूरचा, नावाने मुसलमान. त्या दिवसांत मी वर्तमानपत्र उघडायला कचरत होते. आपल्यातल्या अनेकांनी तेव्हा म्हटले, त्याचा इस्लामशी काय संबंध? इस्लामशी नसेलच, पण आपल्याशी आहे. हिंदू माणसाने हिरव्या कापडाच्या मांत्रिकावर भरवसा ठेवावा एवढी पत या धंद्याला आली कुठून? ती आपण वर्षानुवर्षे दुर्लक्ष करून दिली. आणि शिकलेली माणसे फसत नाहीत या भ्रमात राहू नये. शिक्षक आणि डॉक्टरच तिथे मेले.

स्वप्न एकट्या माणसाच्या डोक्यातून निघून गर्दीत शिरले की काय होते, ते आपण मक्केत पाहिले आहे. 20 नोव्हेंबर 1979, हिजरी 1400 चा पहिला दिवस. फजरच्या वेळी जुहैमान अल-उतैबी आणि त्याच्या शेकडो साथीदारांनी खुद्द हरम शरीफवर कब्जा केला. पुरावा काय? त्याचा मेहुणा मुहम्मद अल-कहतानी हाच महदी असल्याची स्वप्ने त्यांच्या लोकांना पडली होती. एकाला नव्हे, पुष्कळांना, म्हणून त्यांना ती खरी वाटली. एका गटात सगळे दिवसरात्र तेच बोलत असतील तर रात्री दुसरे काय दिसणार? स्वप्नातला महदी काही दिवसांतच गोळीबारात मेला. दोन आठवडे काब्याभोवती रक्त सांडले, सरकारी आकड्यांप्रमाणेच अडीचशेच्या आसपास माणसे गेली, आणि जानेवारी 1980 मध्ये 63 जणांना देहदंड झाला. जिथे शिकार करायलाही मनाई आहे त्या जागेत.

मुंबईची गर्दी त्या मानाने निरुपद्रवी म्हणायची. 18 ऑगस्ट 2006 ला माहीमचा समुद्र गोड झाल्याची आवई उठली आणि हजारो लोक रात्रभर ते पाणी बाटल्यांत भरत होते, पीत होते, तान्ह्या मुलांना पाजत होते. मखदूमबाबांचा करिश्मा! पावसाळ्यात मिठी नदीतून गोडे पाणी खाडीत येते, त्याने खारटपणा कमी होतो, हे तज्ज्ञांनी सांगितले. त्या पाण्यात अर्ध्या शहराची घाण असते हे सांगायला तज्ज्ञही लागत नाही. मला वाईट याचे वाटते की ज्यांच्या नावावर हे खपवले ते मखदूम अली माहिमी कोण होते? 1372 ते 1431 हा त्यांचा काळ. या कोकण किनाऱ्याने जन्माला घातलेला कुरआनचा मोठा भाष्यकार. त्यांची अरबी तफसीर आलिम लोक आजही वाचतात. ज्याने आयुष्य ग्रंथ लिहिण्यात घालवले त्याच्या नावावर आपण गटाराचे पाणी जमा केले. त्यांच्या तफसीरचे नाव सांगा म्हटले तर त्या रात्री माहीमच्या किनाऱ्यावर किती हात वर झाले असते?

कायदा आहे की, असे काही जण म्हणतात. आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात गोळ्या घातल्या गेल्या, त्यानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. ज्या कायद्यासाठी एका माणसाने जीव दिला त्याची प्रत आपल्या किती मोहल्ला कमिट्यांकडे आहे? लोकलच्या डब्यात बंगाली बाबांचे स्टिकर आपण रोज वाचतो. प्रेमात अपयश, सवतीपासून सुटका, नोकरी, कोर्टकचेरी, सगळे काही चोवीस तासांत. नावे बहुतेक आपलीच असतात, खान, शाह, नाहीतर सूफी. दुसरा कोणी त्यावर बोलला की आपण म्हणतो मुसलमानांना बदनाम करतात. मग आपणच का बोलत नाही? अंनिसच्या कार्यकर्त्याने येऊन आमच्या आमिलाला आव्हान द्यावे, म्हणजे आपण त्याला इस्लामचा शत्रू ठरवायला मोकळे, अशी ही सोय आहे.

उलेमांनी काहीच केले नाही असे मी म्हणणार नाही. शेख अहमदांविरुद्ध त्यांनी लिहिले आहे, फतवे दिले आहेत. पण फतवा किताबात राहतो आणि आमिल गल्लीत. मशिदीच्या मिंबरवरून मी जे ऐकत आले, लाउडस्पीकर घरापर्यंत येतो म्हणून ऐकत आले, त्यात मुलींच्या मोबाइलवर, टीव्हीवर, फॅशनवर भरपूर बयान असते. इस्तिखाऱ्याच्या दुकानावर एकदाही नाही. का नाही, याचे उत्तर मला एका तरुण इमामसाहेबांनी खाजगीत दिले. म्हणाले, "बाजी, मशिदीच्या चंद्यात त्यांचाही हिस्सा असतो." त्यांचा पगार किती असतो ते मला माहीत आहे, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. राग कमिटीवर आहे, जी चंदा घेताना तो कुठून आला हे विचारत नाही.

नबुव्वतचा दावा करणाऱ्या मुसैलमाविरुद्ध हजरत अबू बकर यांनी यमामाला फौज पाठवली. नबी आखिरी आहेत या अकीद्यासाठी आपण आजही रस्त्यावर उतरायला तयार असतो. पण अल्लाह मला तुमच्या मुलीबद्दल रात्री सांगून गेला, असे म्हणणारा माणूस वेगळे काय म्हणतो आहे? तो स्वतःला नबी म्हणवत नाही एवढेच. अल्लाहवर खोटे रचणारा, किंवा काहीच वहय आली नसताना मला आली म्हणणारा, याहून मोठा जालिम कोण, हे सूरा अनआममध्ये विचारले आहे. त्या प्रश्नाखाली अकराशे रुपयेवालेही येतात.

दहावीचा निकाल मे-जूनमध्ये लागतो. अकरावीचे फॉर्म भरायला त्यानंतर थोडेच दिवस मिळतात, आणि आमिलांकडे रांगा लागतात त्याच दिवसांत. निकालाआधीच्या एका जुम्याला मालवणीतल्या प्रत्येक मशिदीत फक्त पाच मिनिटे सांगितले जावे की इस्तिखारा ज्याचा त्याने करायचा असतो, त्याला पैसे पडत नाहीत, आणि दुसऱ्याच्या स्वप्नावरून मुलीचे नाव शाळा-कॉलेजातून काढणे याला दीनमध्ये कुठलाही आधार नाही. बयान मी उर्दूत लिहून देते, हदीसांच्या हवाल्यांसकट. एका कमिटीकडे दिलेही आहे. सेक्रेटरीसाहेबांनी कागद खिशात ठेवला आणि म्हणाले, बघू, मीटिंगमध्ये ठेवतो.